वर्षभरातल्या आवडत्या गाण्यांची मिक्स : किती गाणी, कोणता क्रम आणि डेकचे नखरे

गोदाकाठ (परभणी)

राम राम मंडळी. यंदा जी गाणी सारखी सारखी ऐकली त्यांची एक मिक्स करून घरच्यांना न् मित्रांना द्यायची हाय. छाटून छाटून यादी ६८ वर आणलीय. त्यात सिनेमाची हायेत, नव्या पोरांचं मराठी रॅप हाय, भीमगीतं हायेत, दोन उर्दू कव्वाल्या (एक १४ मिनिटांची), नवरात्रात फोनवर रेकॉर्ड केलेली आराध्यांच्या मेळ्याची तीन गाणी, आन् आज्जीनं व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या दोन ओव्या.

ऐकणारे चार तऱ्हेचे. भाऊ ट्रॅक्टरवर ऐकणार, फडापासून कारखान्यापर्यंत. एक मित्र नांदेड-पुणे गाडीनं ये-जा करतो. आत्याकडं पेनड्राइव्ह लागणारा ब्लूटूथ स्पीकर हाय. पुण्यातल्या दोघींना निस्ती लिंक पाहिजे.

एक पेनड्राइव्ह भरून डेकला (गाडीतल्या म्युझिक प्लेअरला) लावून बघितला. क्रम भलताच वाजायलाय, एक गाणं कानठळ्या बसवायलंय आन् पुढचं ऐकूच येईना, मराठी नावांच्या जागी चौकोन दिसायलेत. किती गाणी ठेवावीत, क्रम कसा लावावा आन् हे डेकचं कसं मिटवावं?

सातमात्रा (छत्रपती संभाजीनगर)

६८ गाण्यांना मिक्स म्हणत नाहीत दादा, ते गोदाम झालं. ७० ते ७५ मिनिटं धरा. म्हणजे १५-१६ गाणी, आणि मोठी कव्वाली घेतली तर १३. परभणीहून नांदेडला जाताना एकदा पुरी होते आणि कुणाला सीडी करून द्यायची वेळ आली तर ८० मिनिटांच्या सीडीत बसते.

आधी एक ठरवा : या वर्षी आलेली गाणी की या वर्षी तुम्ही ऐकलेली? दुसरं धरा. मग जुनी कव्वाली, ओवी सगळं बसतं आणि मिक्स तुमची वाटते. ॲपवर येणारा वार्षिक आढावा यादी म्हणून सरळ उचलू नका. तो डिसेंबरच्या आसपास येतो, त्यामुळे वर्षाचे शेवटचे दिवस त्यात धड येत नाहीत. घरातल्या लेकरांनी तुमच्या फोनवर शंभर वेळा लावलेलं बडबडगीतही तो तुमच्याच नावावर टाकतो. आणि पेनड्राइव्हवर, रेडिओवर ऐकलेलं त्याला कळतच नाही.

छाटताना तीन चाळण्या पुरतात. ज्या गाण्याचा तुम्ही नेहमी फक्त मुखडा ऐकून पुढे जाता ते काढा. एका गायकाची दोनच ठेवा, एका संगीतकाराची फार तर तीन. नाहीतर चौथ्या गाण्यापासून सगळं एकाच भांड्यातलं लागतं. मग उरलेली यादी दोन-तीन आठवडे बाजूला ठेवून पुन्हा ऐका. दिवाळीच्या गडबडीत आवडलेली निम्मी गाणी इथे गळतात.

आता क्रम. खरी मेहनत इथे आहे.

आधी लय मोजा. घड्याळ लावून १५ सेकंदांत किती ठोके पडतात ते मोजा आणि चारनं गुणा. सॉफ्टवेअरवर पूर्ण भरवसा नको. ते ७० च्या गाण्याला १४० सांगतं, आणि दादऱ्यातल्या सहा मात्रांच्या गाण्यात तर हमखास गोंधळ घालतं. शेजारशेजारच्या गाण्यांत १०-१५ ठोक्यांहून जास्त उडी नको. उडी मुद्दाम मारायची असेल तर मध्ये पूर्ण शांतता ठेवा. ताल सारखा बदलला तरी कंटाळा येत नाही, पण केहरव्याची (आठ मात्रांच्या तालाची) पाच गाणी ओळीनं आली की सहावं कितीही चांगलं असो, कान बंद होतात. मध्ये एखादं दादऱ्यातलं किंवा रूपकातलं (सात मात्रांचं) घाला.

दुसरी गोष्ट पट्टी, म्हणजे गायकानं धरलेला सा. याकडे बहुतेक जण बघतच नाहीत आणि मग 'हे गाणं इथे बेसूर का लागतंय' म्हणतात. हार्मोनियमवरच्या पांढरी एकमधलं गाणं संपून लगेच तिच्या शेजारच्या काळी एकमधलं सुरू झालं, तर सूर अर्धाच सरकतो आणि नवा गायक पहिल्या ओळीत चढा वाटतो. फोनवर हार्मोनियमचं ॲप घेऊन प्रत्येक गाण्याचा सा शोधा आणि यादीत लिहून ठेवा. काळी एकनंतर काळी चार आलं तर पंचमाचं (सा-प) नातं लागतं, काळी तीन आलं तर मध्यमाचं (सा-म). दोन्ही गोड. पुष्कळ पुरुष गायक काळी एक-दोनच्या आसपास गातात आणि बायका काळी चार-पाचच्या, म्हणून एक पुरुषाचं, एक बाईचं असा साधा क्रमही बऱ्याचदा आपोआप जमून जातो. जिथे जमत नाही तिथे ज्याची सुरुवात निव्वळ हलगीनं किंवा ढोलकीनं होते असं गाणं पुढे ठेवा. आधीच्या गाण्याचा सूर कानातून जायला तेवढी आठ-दहा सेकंदं पुरतात.

सगळ्यात लाडकं गाणं पहिलं ठेवू नका. पहिल्याच्या वेळी लोक आवाज कमी-जास्त करत असतात, गाडी गल्लीतून बाहेर काढत असतात. दुसऱ्या-तिसऱ्या जागी ठेवा. १४ मिनिटांची कव्वाली शेवटून तिसरी. कापू मात्र नका. कव्वालीची सगळी रचना चढत जाणाऱ्या लयीवर उभी असते. मधूनच घेतली तर चढणच राहत नाही आणि शेवट तोडला तर चढून उपयोग काय? वेळ नसेल तर दुसरी, लहान कव्वाली घ्या.

फोनवरची आराध्यांची गाणी स्टुडिओतल्या भरदार गाण्यानंतर लगेच आली की पत्र्यासारखी पातळ वाजतात. तीनपैकी दोनच ठेवा, ती एकापाठोपाठ ठेवा आणि त्यांच्या आधी एक ओवी घाला. ओवीला साथ नसते, कान तिथेच उतरतो. मग संबळ-झांज सुरू झाली की रेकॉर्डिंग साधं आहे हे जाणवतही नाही.

डेकवाला (जालना)

वर सातमात्रा भाऊंनी गाण्याचं सांगितलं, मी निस्तं लोखंडाचं सांगतो.

क्रम भलता वाजतो कारण बरेच स्वस्त डेक फाईलचं नाव बघतच न्हाईत. पेनड्राइव्हवर ज्या क्रमानं फाईल उतरली त्याच क्रमानं वाजवतात. आन् विंडोजमधी सगळी गाणी एकदम निवडून ओढली की ज्या फाईलीला धरून ओढलं ती आधी जाऊन बसती. मनून असं करा :

१. पेनड्राइव्ह ८ नाहीतर १६ जीबीचा पुष्कळ झाला. राईट क्लिक, फॉरमॅट, फाईल सिस्टीम फॅट३२. एक्सफॅट न् एनटीएफएस पुष्कळ डेक वाचत न्हाईत. ३२ जीबीच्या वरचा असंल तर विंडोजच्या त्या खिडकीत फॅट३२ बहुतेक दिसतच न्हाई, उगं मोठा घेऊ नका.

२. नावाच्या आधी ०१, ०२ असे दोन आकडे टाका. निस्तं १, २ टाकलं तर नावानं वाजवणारा डेक १ नंतर १० वाजवतो. हे आकडे इंग्रजी (01, 02) टाका, आन् फाईलचं नावबी रोमन म्हंजे इंग्रजी अक्षरांतच.

३. फोल्डर करू नका. सगळी गाणी उघड्यावर.

४. ०१ पासून एक-एक करून कॉपी करा. पंधरा गाण्यांना पाच मिनिटं बी लागत न्हाईत. न्हाईतर सगळी एकदम टाकून ड्राइव्हसॉर्ट नावाच्या छोट्या प्रोग्रॅमनं क्रम लावून घ्या. लिनक्सवाल्यांना फॅटसॉर्ट हाय. मधलं एक गाणं बदललं की नवीन फाईल कुठंबी जाऊन बसू शकती, मनून बदल केला की क्रम परत लावायचा.

५. काढताना इजेक्ट करूनच काढा. शेवटचं गाणं अर्धवट उतरलेलं निघतं ते याच्यामुळं.

चौकोनांचं : दोन कारणं असतात. एक, टॅग (फाईलीच्या आत लिहिलेलं गाण्याचं, गायकाचं नाव) चुकीच्या पद्धतीनं लिहिलेला. एमपी३टॅग प्रोग्रॅमच्या ऑप्शन्समधी टॅग्ज, एमपीईजी इथं जाऊन 'आयडी३व्ही२.३ यूटीएफ-१६' निवडा न् सगळ्या फाईली परत सेव्ह करा. दोन, डेकमधी देवनागरी अक्षरंच नसतात, मग काय बी करा चौकोनच येणार. आधी एका गाण्यावर करून बघा. नाही जमलं तर टायटल रोमनमधी लिहा आन् मराठी यादी कागदावर द्या.

टॅगमधी चिकटवलेलं चित्र ५०० बाय ५०० च्या आत ठेवा, जेपीजी. मोठ्या चित्रानं डेक गाणं सुरू करायला वेळ लावतो, कधी पुढं उडीच मारतो. फाईल एमपी३, कॉन्स्टंट बिटरेट (दर सेकंदाला सारखाच डेटा), ४४.१ किलोहर्ट्झ. व्हेरिएबल बिटरेटला जुना डेक वेळ चुकीची दाखवतो. १९२ केबीपीएसला मिनिटाला साधारण दीड एमबी लागतात, ३२० ला २.४. म्हंजे ७५ मिनिटं ३२० नं केली तरी १८० एमबी. जागेची कंजुषी कामून करायची? पण १२८ ची फाईल ३२० करून काही मिळत न्हाई, निस्ती फुगती.

आत्याच्या स्पीकरला एमपी३ च द्या. एम४ए फाईल असले स्पीकर बऱ्याचदा सोडून देतात.

ट्रॅक्टरला आखूड, नखाएवढा पेनड्राइव्ह घ्या. लांब असला की हादऱ्यानं सॉकेट सैल होतं न् गाणं तुटक वाजतं. आन् किल्ली बंद केली की डेक परत पहिल्या गाण्यावर येत असंल तर पेनड्राइव्हचा दोष न्हाई. डेकची पिवळी वायर बॅटरीला कायम जोडलेली लागती, फ्यूजमधून. लाल किल्लीवर, काळी बॉडीला. जोडणाऱ्यानं पिवळी न् लाल एकत्र पिळून किल्लीवर दिली की डेकला आठवणच राहत न्हाई. मग वर्षभर पहिली तीनच गाणी ऐकत बसा.

गोदाकाठ (परभणी)

पिवळ्या वायरीचं आजच बघतो, भावाचा डेक तसंच करायलाय. आवाज कमी-जास्तचं काय करावं? आन् फोनवरच्या रेकॉर्डिंगला मंडपातल्या पंख्याची घरघर हाय.

साउंडवाले काका (हिंगोली)

आवाज सारखा करायला एमपी३गेन नावाचा प्रोग्रॅम. फुकट आहे. सगळ्या फाईली टाकायच्या, टार्गेट (किती आवाजावर आणायचं ते) ८९ डेसिबल लिहिलेलं असतं. गाडीसाठी ८९ ठीक आहे, ट्रॅक्टरसाठी ९२ करा. आधी ट्रॅक ॲनालिसिस आणि मग ट्रॅक गेन. अल्बम गेन दाबू नका. तो सगळी गाणी एकाच अल्बमची समजून त्यांच्यातला फरक तसाच ठेवतो. ज्या ओळीत क्लिपिंगची (आवाज फाटण्याची) खूण लाल दिसेल त्या गाण्याचं टार्गेट दीड-दोन डेसिबलनं खाली घ्या. हा प्रोग्रॅम गाणं परत दाबत नाही, फाईलमधला फक्त आवाजाचा आकडा बदलतो, तोही दीड डेसिबलच्या पायऱ्यांनी. म्हणून दर्जा जात नाही आणि नंतर मागे फिरवता येतं. देवनागरी नावाच्या फाईलींवर मात्र अडतो, त्यामुळे डेकवाल्यानं सांगितलेली रोमन नावं इथेही कामाला येतात.

फूबार२००० या प्लेअरमधलं रिप्लेगेन (आवाज सारखा करायचा आकडा) नुसतं टॅगमध्ये लिहून ठेवू नका. डेक तो टॅग वाचत नाही. त्यातच 'फाईलला लागू करा' असा पर्याय आहे, तो वापरला तर चालतं.

नवी सिनेगीतं आणि रॅप मुळातच दाबून मोठी केलेली असतात, ती एमपी३गेनमध्ये आठ-दहा डेसिबल खाली येतील. घाबरू नका. लहानांना ओढून वर आणण्यापेक्षा मोठ्यांना खाली आणणंच बरोबर, डेकचा नॉब कशासाठी आहे?

पंख्याची घरघर : ऑडॅसिटी या आवाज-एडिटिंगच्या प्रोग्रॅममध्ये गाणं उघडा. कुणी गात-बोलत नाही, नुसता पंखा ऐकू येतो असा सेकंद-दोन सेकंदांचा तुकडा निवडा. नॉइज रिडक्शन, गेट नॉइज प्रोफाईल. मग पूर्ण गाणं निवडून रिडक्शन ६ ते ९ डेसिबल. लोक १८-२० करतात आणि मग झांज पाण्याखाली वाजल्यासारखी येते. थोडा पंखा राहू द्या, मेळा मंडपातच बसलेला असतो. त्यानंतर हाय-पास फिल्टर ८० हर्ट्झ, म्हणजे वाऱ्याचा आणि माईकला लागलेल्या हाताचा धबधब जातो. झांज फार टोचत असेल तर ५ ते ८ किलोहर्ट्झच्या पट्ट्यात तीन डेसिबल कमी करा. सुरुवातीला अर्ध्या सेकंदाचा फेड इन, शेवटी टाळ्या तुटण्याआधी तीन सेकंदांचा फेड आउट. हे सगळं मूळ फाईलवर एकदाच करा आणि एकदाच एमपी३ करा. प्रत्येक वेळी उघडून परत एमपी३ केलं की दर वेळी थोडं झिजतं.

ट्रॅक्टरसाठी बेस वाढवायच्या मागे लागू नका. इंजिनचा आवाज खालच्याच पट्टीत असतो, तो बेस गिळून टाकतो. वाढवलेला बेस फक्त स्पीकर फाडतो.

बिंदुसरा (बीड)

काका, गेनबद्दल थोडा वेगळा विचार. कव्वालीला ट्रॅक गेन लावून रॅपच्या बरोबरीनं बसवली की तिचा सुरुवातीचा आलाप खूप हळू येतो, कारण सरासरी शेवटच्या जोरावर निघालेली असते. गाडीत आलाप ऐकूच येत नाही म्हणून माणूस आवाज वाढवतो, आणि बाराव्या मिनिटाला दचकतो. लांब, चढत जाणाऱ्या गाण्याला एक पायरी वर ठेवा, क्लिपिंग तपासून. ओवीला उलट एक पायरी खाली. एकट्या आवाजाला तेवढाच आकडा दिला की तो कानाशी येऊन ओरडल्यासारखा वाटतो. शेवटी कानानंच ठरवायचं : प्रत्येक गाण्याची शेवटची वीस सेकंदं आणि पुढच्याची पहिली वीस, एवढंच ओळीनं ऐकत जा. पंधरा गाण्यांच्या जोडण्या दहा मिनिटांत तपासून होतात.

कुणी सांगेल की सगळी गाणी जोडून एकच लांब फाईल करा, क्रमाची भानगडच नको. गाडीवाल्या मित्राला चालेल. आत्याला देऊ नका. लाईट गेली किंवा स्पीकर बंद झाला की असले स्पीकर बऱ्याचदा फाईलच्या सुरुवातीला येतात, आणि नावडतं गाणं ओलांडायची सोयही राहत नाही.

सातमात्रा (छत्रपती संभाजीनगर)

ओवीबद्दल बिंदुसरा ताईंचं पटलं. कव्वालीला मी तर दोन पायऱ्या देईन.

तेरणाकाठ (धाराशिव)

लिंकवाल्या दोघींचं राहिलं. ॲपमध्ये डाउनलोड केलेलं गाणं त्या ॲपपुरतंच असतं, ते कुलूपबंद असल्यानं पेनड्राइव्हवर जाऊन वाजत नाही. त्यामुळे दोन रस्ते वेगळे धरा. पेनड्राइव्हसाठी स्वतःच्या सीडीवरून काढलेली किंवा विकत घेतलेली फाईल. आयट्यून्स स्टोअरवरचं गाणं २५६ केबीपीएसचं एम४ए येतं, त्याला कुलूप नसतं, ते एमपी३ करून घ्या. काही स्वतंत्र कलाकार बँडकॅम्पवर स्वतः विकतात, तिथे एमपी३ सरळ मिळते. लिंकसाठी प्लेलिस्ट.

यूट्यूबवर केली तर 'अनलिस्टेड' ठेवा. 'प्रायव्हेट' ठेवली की साध्या लिंकनं समोरच्याला उघडत नाही. प्रत्येक गाणं अधिकृत वाहिनीवरचंच घ्या. कुणीतरी चढवलेलं घेतलं की तक्रार आली की उडतं, आणि प्लेलिस्टमध्ये नुसती रिकामी जागा राहते, नावही कळत नाही. म्हणून यादी शब्दांतही पाठवा : गाणं, गायक, संगीतकार, गीतकार, साल. स्पॉटिफायवर केली तर क्रॉसफेड (एक गाणं संपता संपता पुढचं त्यावर सुरू होणं) ऐकणाऱ्याच्या सेटिंगवर चालतो, १२ सेकंदांपर्यंत. तो शून्य करायला सांगा, नाहीतर सातमात्रांची पट्टीची सगळी मेहनत एकमेकांवर चढेल. फुकटच्या खात्यात मध्येच जाहिरात येते, तिला इलाज नाही.

पूर्ण मिक्स एक व्हिडिओ करून स्वतःच्या चॅनेलवर टाकू नका. यूट्यूबची यंत्रणा सिनेमाची गाणी आपोआप ओळखते आणि दावा येतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात खासगी वापराला सूट आहे, पण गावभर वाटणं खासगीत बसत नाही. घरातल्या पेनड्राइव्हपुरतं ठेवा, बाकीच्यांना लिंक.

आराध्यांची गाणी आणि ओव्या कुठल्याच ॲपवर नाहीत, त्या दोघींना वेगळ्या पाठवाव्या लागतील. व्हॉट्सॲपवर ऑडिओ म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवा, म्हणजे फाईलचं नाव टिकतं. मेळ्याच्या गाण्यांना म्हणणाऱ्या बायांना विचारून घ्या आणि यादीत गाव, तारीख लिहा.

गोदाकाठ (परभणी)

विचारतो. आन् आज्जीच्या ओव्यांच्या फाईली .ओपस अशा दिसायलेत, त्या डेकवर लागंनात.

साउंडवाले काका (हिंगोली)

ती व्हॉइस नोट आहे, बोलण्यासाठी दाबलेली. बहुतेक डेकला ओपस कळत नाही. ऑडॅसिटीत एफएफएमपेग (जास्त तऱ्हेच्या फाईली उघडणारी जोडणी) जोडलेलं असेल तर थेट उघडेल. एमपी३ करताना सॅम्पल रेट ४४१०० निवडा, आवाज मोनोच राहू द्या आणि १२८ नं करा. हाय-पास ८० लावा, नॉइज रिडक्शन लावू नका. आधीच इतकं दाबलेलं असतं की श्वास आणि शेवटची अक्षरं त्यात जातात. चुलीचा, भांड्यांचा आवाज असेल तर राहू द्या. आणि जमलं तर आज्जीकडून त्याच ओव्या परत घ्या, व्हॉइस नोटवर न घेता फोनच्या रेकॉर्डरमध्ये, फोन तोंडापासून वीतभर लांब आणि थोडा बाजूला धरून. समोर धरला की प आणि फ ला फटकारा बसतो.